ऱ्हुमॅटॉइड संधिवात आणि वर्षानुवर्षांचे उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील प्रश्न रुग्णांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून सतत येत असतात, आणि ते शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरांतील माहिती प्रौढ रुग्णांसाठी आहे. लहान मुलांच्या संधिवाताचे स्वरूप आणि उपचार वेगळे असतात. औषधाची निवड आणि मात्रा आपल्या डॉक्टरांनीच ठरवायची आहे, हे प्रत्येक उत्तरात गृहीत धरावे.

१. माझे दुखणे वयोमानाची झीज आहे की ऱ्हुमॅटॉइड संधिवात, हे कसे ओळखायचे?

झिजेचे दुखणे बहुधा गुडघ्यासारख्या भार पेलणाऱ्या सांध्यात असते, चालल्याने वाढते आणि बसल्यावर कमी होते. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतील अस्तरावर उलटते, त्यामुळे ते सुजते आणि उपचार न झाल्यास शेजारची कूर्चा (हाडांच्या टोकांवरची मऊ गादी) व हाड पोखरू लागते. हा आजार सहसा हातापायांच्या लहान सांध्यांत, दोन्ही बाजूंना, आणि बोटांच्या मधल्या व मुळाच्या पेरांत दिसतो. नखाजवळचे पेर बहुतेक वेळा सुटते. सकाळी उठल्यावर हात आखडलेले असणे, मूठ न वळणे आणि हा ताठरपणा अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून अधिक टिकणे ही महत्त्वाची खूण आहे. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये हा आजार दोन ते तीन पट आढळतो आणि तो तिशी-चाळिशीतही सुरू होतो, म्हणून ‘या वयात कसला संधिवात’ असे म्हणून दुखणे अंगावर काढू नये. सूज सहा आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे.

२. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, तरी डॉक्टर औषध सुरू करा म्हणतात. हे योग्य आहे का?

योग्य असू शकते. आरए फॅक्टर म्हणजे या आजारात रक्तात आढळणारे एक प्रतिपिंड. या आजाराच्या साधारण चार रुग्णांपैकी एकाचा आरए फॅक्टर निगेटिव्ह असतो, आणि उलट काही निरोगी वृद्धांमध्ये किंवा हिपॅटायटिस-सी झालेल्यांमध्ये तो पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी ही दुसऱ्या एका प्रतिपिंडाची रक्तचाचणी अधिक नेमकी आहे. ती पॉझिटिव्ह असेल आणि सांधे सुजलेले असतील तर निदान बरेचसे पक्के होते, परंतु ती निगेटिव्ह असल्याने आजार नाही असे ठरत नाही. निदान सुजलेले सांधे, दुखण्याचा कालावधी, ईएसआर-सीआरपी (रक्तातून दाह मोजणाऱ्या चाचण्या) आणि वरील चाचण्या अशा सगळ्यांचा एकत्रित विचार करून केले जाते. रक्ततपासणीच्या पॅकेजमध्ये आरए फॅक्टर वाढलेला दिसला, पण एकही सांधा सुजलेला नाही, अशा व्यक्तीने तो आकडा खाली आणण्यासाठी औषधे घेण्याचे कारण नाही. उपचार चालू असतानाही तो दर महिन्याला तपासून काही साधत नाही, कारण आजाराचा चढउतार त्यावरून मोजला जात नाही.

३. चिकुनगुन्या झाल्यापासून सांधे दुखतच आहेत. हाच आजार जडला का?

महाराष्ट्रात चिकुनगुन्याच्या प्रत्येक साथीनंतर हा प्रश्न येतो, कारण त्यानंतरची सांधेदुखी काहींना कित्येक महिने राहते आणि ती दिसायला अगदी ऱ्हुमॅटॉइडसारखी असू शकते. पुष्कळांचे दुखणे हळूहळू ओसरते. मात्र तीन महिन्यांनंतरही सूज कायम असेल, तर अँटी-सीसीपी आणि क्ष-किरण तपासणी करून घ्यावी, आणि तोपर्यंत ‘तापातलेच दुखणे आहे’ म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या परस्पर आणून खाऊ नयेत (प्रश्न ८ पाहावा).

४. हा आजार मुळापासून बरा होतो का?

आजच्या घडीला तसे खात्रीने करणारा उपचार उपलब्ध नाही. परंतु आजार शांत करता येतो, म्हणजे सूज नाही, ताठरपणा जवळजवळ नाही, रक्तातील दाहाचे आकडे सामान्य आणि सांध्यांची नवी हानी नाही, अशी अवस्था आणता येते आणि पुष्कळ रुग्णांत ती वर्षानुवर्षे टिकते. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झाले, तर ही शक्यता बरीच वाढते. ‘मुळापासून बरा’ करण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींकडे पाठ फिरवावी. त्यांच्या मागे गेलेला काळच पुढे वाकड्या बोटांच्या रूपाने दिसतो.

५. वेदनाशामक गोळीने दिवस निभावतो, मग इतर औषधे कशासाठी?

वेदनाशामक गोळ्या दुखणे कमी करतात, पण सांधा पोखरण्याची क्रिया थांबवत नाहीत. त्यामुळे दुखणे सुसह्य आणि हानी मात्र चालूच, अशी स्थिती वर्षानुवर्षे राहू शकते, आणि क्ष-किरण चित्रात ती दिसते तेव्हा झालेली झीज भरून निघत नाही. शिवाय या गोळ्या रोज घेतल्यास जठरात व्रण होणे, रक्तदाब वाढणे आणि मूत्रपिंडाला इजा पोहोचणे हे धोके आहेत. आजाराचा मार्ग बदलणारी औषधे म्हणजे मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन, लेफ्लुनोमाइड, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन इत्यादी. त्यांचा गुण येण्यास आठवडे लागतात आणि तो येईपर्यंतच वेदनाशामकांचे काम असते.

६. मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचे औषध आहे असे वाचले. ते घ्यायला भीती वाटते. ते सुरक्षित आहे का?

कर्करोगात हेच औषध कितीतरी पट मोठ्या मात्रेत दिले जाते, ही गोष्ट खरी आहे. संधिवातासाठी मात्रा आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम असते आणि त्या मात्रेत ते प्रतिकारशक्तीचा अतिरेक आवरते. अमेरिकेत या आजारासाठी त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली आणि आजही जगभर उपचाराची सुरुवात बहुधा त्यानेच होते. इतक्या वर्षांच्या वापरामुळे त्याचे धोके नीट माहीत आहेत, आणि स्वस्त असूनही पहिल्या पसंतीचे औषध म्हणून त्याला मागे टाकणारे दुसरे अजून आलेले नाही.

सर्वांत गंभीर चूक घेण्याच्या पद्धतीत होते. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्याने तोंडात फोड येणे, पांढऱ्या पेशी घसरणे आणि मृत्यू ओढवणे असे प्रकार घडलेले आहेत. म्हणून वार ठरवून तो चिठ्ठीवर आणि पाकिटावर अक्षरांत लिहून घ्यावा. गोळ्या २.५ पासून १५ मिलिग्रॅमपर्यंत वेगवेगळ्या ताकदीत मिळतात. दुकानदाराने दुसरी पट्टी दिली तर ‘तीन गोळ्या’ याचा अर्थच बदलतो, त्यामुळे नेहमी मिलिग्रॅम मोजावेत. घरातील वृद्धांच्या गोळ्या दुसरे कोणी भरून देत असेल, तर ही गोष्ट त्या व्यक्तीलाही ठाऊक हवी.

सोबत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिली जाते, सहसा मेथोट्रेक्सेटचा वार सोडून. ती ‘फक्त व्हिटॅमिन’ समजून टाळू नये. सुरुवातीचे तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे दर तीन महिन्यांच्या आसपास सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृताच्या चाचण्या आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) तपासावे लागते. मद्यपान यकृतावरील भार वाढवते. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गासाठी वा जुलाबासाठी कुणी को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक लिहून दिले, तर आपण मेथोट्रेक्सेटवर आहोत हे लगेच सांगावे, कारण ही दोन औषधे एकत्र आल्यास अस्थिमज्जेवर घातक परिणाम होऊ शकतो. ताप, तोंडातील व्रण, अंगावर काळेनिळे डाग, किंवा नव्याने सुरू झालेला कोरडा खोकला आणि धाप यांपैकी काही आढळल्यास पुढची मात्रा न घेता डॉक्टरांशी बोलावे.

मळमळीमुळे औषध नकोसे होत असेल, तर ते रात्री जेवणानंतर घेणे, मात्रा विभागून एकाच दिवसात घेणे किंवा त्वचेखालील इंजेक्शनवर जाणे, असे उपाय डॉक्टर सुचवू शकतात. औषधाच्या वारी एकदा त्रास झाला म्हणून औषधच सोडून देण्यापूर्वी हे करून पाहावे.

७. तीन महिने औषध घेऊनही फारसा फरक नाही. डॉक्टर बदलावा की औषध?

आधी ‘फरक’ मोजावा. सध्याची मान्य पद्धत अशी, की उपचाराचे ध्येय सुरुवातीलाच ठरवायचे, म्हणजे आजार पूर्ण शांत किंवा निदान अत्यल्प सक्रिय. आजार जोरात असताना दर एक ते तीन महिन्यांनी सांधे तपासून मोजमाप करायचे. तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही किंवा सहा महिन्यांत ध्येय गाठले गेले नाही, तर उपचार बदलायचे. यासाठी डॉक्टर २८ सांधे दाबून पाहतात आणि दुखरे व सुजलेले सांधे, ईएसआर किंवा सीआरपी आणि रुग्णाने स्वतः सांगितलेली तब्येत यांवरून डीएएस-२८ हा आकडा काढतात. तो २.६ च्या खाली असेल तर आजार शांत आणि ५.१ च्या वर असेल तर फार सक्रिय मानला जातो. आपला आकडा काय आहे, हे प्रत्येक भेटीत विचारावे आणि वहीत लिहून ठेवावे. ज्या दवाखान्यात वर्षभरात एकदाही सांध्यांना हात लावला गेला नाही आणि जुनीच चिठ्ठी पुढे चालू राहिली, तिथे डॉक्टर बदलण्याचा विचार रास्त आहे. पण मोजमाप होत असेल, तर औषध बदलणे हाच उपचाराचा भाग असतो आणि त्यासाठी डॉक्टर सोडण्याची गरज नाही.

बदल कोणते संभवतात? प्रथम मेथोट्रेक्सेटची मात्रा पुरेशी होती का हे पाहिले जाते, ७.५ मिलिग्रॅमवर वर्ष काढून ‘लागू पडले नाही’ म्हणणे त्या औषधावर अन्याय आहे. नंतर गोळ्यांऐवजी इंजेक्शन, किंवा सल्फासलाझिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन यांची जोड. या तीन स्वस्त औषधांच्या जोडीची तुलना मेथोट्रेक्सेट अधिक इटानरसेप्ट या महागड्या जैविक (जिवंत पेशींत तयार केलेल्या इंजेक्शनच्या) उपचाराशी करणारी एक मोठी चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात गरजेनुसार औषध बदलण्याची मुभा ठेवून केलेला स्वस्त उपचार महागड्या उपचारापेक्षा कमी ठरला नाही. आपल्याकडे बहुतेकांचा औषधखर्च खिशातून होतो, त्यामुळे जैविक औषधाकडे जाण्यापूर्वी ‘तिन्ही गोळ्या एकत्र देऊन पाहता येतील का’ हा प्रश्न डॉक्टरांना निःसंकोच विचारावा.

एका वेळी एकच बदल करावा. नवी गोळी, नवा काढा आणि पथ्य एकाच आठवड्यात सुरू केले, तर गुण कशाला आला आणि पुरळ कशाने उठले, हे कधीच कळत नाही.

८. स्टेरॉइडने जादूसारखा आराम पडतो. तेच चालू का ठेवू नये?

हाच अनुभव १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांच्या रुग्णांना आला. जखडलेले लोक काही दिवसांत चालू लागले आणि १९५० चे नोबेल पारितोषिक या शोधाला मिळाले. दुष्परिणामही पाठोपाठ समोर आले : हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, मोतीबिंदू, चेहऱ्यावर सूज, जंतुसंसर्ग. म्हणून आज प्रेडनिसोलोन कमीत कमी मात्रेत, मुख्य औषधाचा गुण येईपर्यंतच्या काही महिन्यांसाठी दिले जाते. एखादाच सांधा हट्टाने सुजलेला असेल, तर त्या सांध्यात इंजेक्शन देणे हा चांगला पर्याय असतो.

काही आठवड्यांहून अधिक काळ घेतलेले स्टेरॉइड अचानक बंद करू नये. शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती मंदावलेली असते आणि रक्तदाब घसरून जीव धोक्यात येऊ शकतो. बिननावाच्या पुड्या आणि ‘वाताच्या’ गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता असते. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या पुडीबद्दल हाच पहिला संशय घ्यावा, आणि ती बरेच दिवस घेतली असल्यास डॉक्टरांना न लाजता सांगावे.

९. जैविक इंजेक्शने आणि ‘टोफा’च्या गोळ्या कोणासाठी? आधी टीबीची तपासणी का सांगतात?

प्रश्न ७ मधील उपायांनी आजार आटोक्यात आला नाही, तर ही औषधे विचारात घेतली जातात. अडालिमुमॅब, इटानरसेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब ही दाह पेटवणाऱ्या टीएनएफ या रेणूला रोखतात; रितुक्सिमॅब, टोसिलिझुमॅब आणि अबाटासेप्ट यांचे मार्ग वेगळे आहेत. एकाने गुण आला नाही तर दुसऱ्या मार्गाचे औषध उपयोगी पडू शकते. अडालिमुमॅबची जगातील पहिली तुल्य आवृत्ती (मूळ जैविक औषधाशी मिळतेजुळते, दुसऱ्या कंपनीने बनवलेले औषध) अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये भारतात आणली, आणि अशा देशी आवृत्त्यांमुळे किमती खाली आल्या असल्या तरी सामान्य कुटुंबाला हा खर्च आजही जड जातो. किती महिने परवडेल याचा हिशोब आधी करून तो डॉक्टरांसमोर मांडावा. दोन इंजेक्शने घेऊन थांबण्यात पैसा आणि गुण दोन्ही जातात.

भारतात अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्तावस्थेत असतात आणि टीएनएफ रोखल्यावर ते जागे होऊ शकतात. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी करतात. सुप्त क्षय आढळला तर त्याचा प्रतिबंधक उपचार सुरू करून साधारण महिन्याने इंजेक्शन देता येते. हिपॅटायटिस-बी आणि सी यांचीही तपासणी होते.

टोफासिटिनिब म्हणजेच ‘टोफा’ ही इंजेक्शन नसून गोळी असल्याने आणि तिच्या स्वस्त आवृत्त्या आल्याने तिचा वापर बराच वाढला आहे. पन्नाशीपुढील आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांवरील मोठ्या अभ्यासात मात्र टीएनएफरोधकांच्या तुलनेत तिच्यासोबत हृदयविकार आणि कर्करोगाचे प्रमाण अधिक दिसले. त्यामुळे ६५ च्या पुढचे, धूम्रपान करणारे किंवा पूर्वी रक्ताची गुठळी झालेले यांना ती देताना तज्ज्ञ विचार करतात. नागीण होण्याचा संभवही वाढतो. दुकानातून परस्पर घेण्याजोगी ही गोळी नव्हे.

१०. दोन वर्षे काहीच दुखत नाही. औषधे बंद करू का?

एकदम सगळी बंद करू नयेत. अशा रुग्णांपैकी बहुतेकांचा आजार काही महिन्यांत परततो आणि कधी कधी पूर्वीच्या मात्रेला दाद देत नाही. किमान सहा महिने आजार शांत असेल, तर प्रथम स्टेरॉइड, नंतर जैविक औषधाचे अंतर वाढवणे, आणि सर्वांत शेवटी मेथोट्रेक्सेटची मात्रा हळूहळू कमी करणे, असा क्रम ठेवला जातो. काहींना अल्प मात्रा कायम लागते.

११. सीआरपी सामान्य आहे, डॉक्टर म्हणतात आजार शांत आहे, तरी अंग दुखते आणि थकवा जात नाही. हे मनाचे खेळ आहेत का?

नाहीत. जुन्या हानीमुळे झिजलेला सांधा दाहाविनाही दुखतो. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार आणि झोपेची मोडतोड यांमुळे थकवा येतो. आणि काही रुग्णांत वेदनेची जाणीवच तीव्र होऊन फायब्रोमायाल्जिया (अंगभर दुखण्याचा विकार) जडतो. त्यावर संधिवाताची औषधे वाढवून उपयोग होत नाही. नियमित व्यायाम, झोपेची शिस्त आणि गरज असल्यास नैराश्यावरील उपचार यांनी फरक पडतो. घरच्यांना सुजलेला हात दिसतो, थकवा दिसत नाही. त्यामुळे ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे’ हे वाक्य घरात जपून वापरावे.

१२. आंबट, वांगे, हरभऱ्याची डाळ बंद करायची का?

या पदार्थांनी ऱ्हुमॅटॉइड संधिवात वाढतो असे सिद्ध झालेले नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दरवेळी त्रास होत असेल तर तो टाळावा, पण ‘वातूळ’ पदार्थांच्या यादीत डाळी, दही आणि फळे गेल्यावर प्रथिने आणि कॅल्शियम कुठून येणार, याचाही विचार व्हावा. स्टेरॉइड घेणाऱ्यांना नाचणी, तीळ, दूध यांची गरज अधिक असते. मासे खाणाऱ्यांसाठी बांगडा आणि तारली उत्तम, कारण त्यांतील ओमेगा-३ दाह किंचित कमी करते. विडी-सिगारेट मात्र थांबवावीच : धूम्रपानाने हा आजार होण्याचा धोका आणि तीव्रता दोन्ही वाढतात आणि औषधांचा गुणही उणावतो.

१३. आयुर्वेदिक औषधे सोबत घेता येतील का?

आयुर्वेदात माधवनिदान या जुन्या ग्रंथापासून आमवाताचे (ऱ्हुमॅटॉइडशी मिळत्याजुळत्या विकाराचे) वर्णन आहे, आणि आधुनिक पद्धतीनेही त्यावर संशोधन झाले आहे. कोइम्बतूर येथे ४३ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आयुर्वेदिक उपचार, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र अशा तिन्ही गटांत जवळपास सारखी सुधारणा दिसली. ती प्राथमिक चाचणी होती, आणि एवढ्या कमी रुग्णांवरून चालू औषध सोडण्याचा निर्णय घेता येत नाही.

सोबत घ्यायचे असेल तर नोंदणीकृत वैद्याकडून, घटकांची नावे लिहून घेऊन, आणि संधिवाततज्ज्ञांना सांगून घ्यावे. दोन गोष्टींबाबत विशेष सावध राहावे. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांच्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील तपासणीत सुमारे एक पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. दुसरी गुळवेल : कोविडच्या काळात तिच्या सेवनानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले, आणि त्यांतील काहींना आधीपासून प्रतिकारशक्तीचे विकार होते. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद बाजूला ठेवला तरी मेथोट्रेक्सेट किंवा लेफ्लुनोमाइड घेणाऱ्याने यकृतावर भार टाकणारी आणखी एक गोष्ट न वाढवणेच शहाणपणाचे आहे.

१४. व्यायाम करावा की विश्रांती घ्यावी? घरकामाचे काय?

सांधा लाल-गरम सुजलेला असताना त्याला काही दिवस विश्रांती, आणि सूज ओसरताच हालचाल. रोज कोमट पाण्यात हात बुडवून मूठ उघडझाप करणे आणि आठवड्यातील बहुतेक दिवस चालणे एवढ्यानेही ताकद टिकते. कामे सोडण्यापेक्षा पद्धत बदलावी : पिळे घालून कपडे वाळत टाकण्याऐवजी यंत्राचा वापर, बारीक मुठीच्या सुरीला कापड गुंडाळून जाड मूठ, पातेले उचलताना बोटांऐवजी दोन्ही तळवे, नळाला लांब दांडी, आणि उकिडवे बसणे टाळण्यासाठी कमोड. कणीक मळणे आणि पोळ्या लाटणे ही सकाळच्या ताठरपणात सर्वांत जड जाणारी कामे आहेत. ती उशिरा करावीत किंवा घरातील इतरांनी उचलावीत. ‘आईला थोडी मदत’ एवढ्याने ती हलकी होत नाहीत.

१५. आम्हाला मूल हवे आहे. औषधांचे काय करायचे?

गर्भधारणेचा विचार डॉक्टरांना आधीच सांगावा. मेथोट्रेक्सेट गर्भाला अपायकारक असल्याने स्त्रियांनी ते एक ते तीन महिने आधी थांबवायचे असते. लेफ्लुनोमाइड शरीरात दोन वर्षांपर्यंत रेंगाळू शकते, त्यामुळे ते बाहेर काढण्यासाठी कोलेस्टिरामाइन हे औषध द्यावे लागते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, फॉलिक अ‍ॅसिडसह सल्फासलाझिन आणि काही टीएनएफरोधके गरोदरपणात चालू ठेवता येतात. सल्फासलाझिनने पुरुषांतील शुक्राणूंची संख्या तात्पुरती घटू शकते. औषध थांबवल्यावर ती पूर्ववत होते. गरोदरपणात अनेकींचा आजार शांत होतो आणि बाळंतपणानंतर उसळतो, म्हणून त्या काळातील उपचार आणि घरातील मदत दोन्ही आधी ठरवावे. औषध चालू असताना अनपेक्षितपणे दिवस गेले, तर स्वतःहून निष्कर्ष न काढता लगेच तज्ज्ञांना भेटावे.

१६. लस घेता येते का? आणि शस्त्रक्रिया ठरली तर?

फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकलची लस घ्यावी; आजार परवानगी देत असेल तर फ्लूच्या लशीनंतर मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवल्यास तिचा परिणाम वाढतो. जैविक औषधे चालू असताना जिवंत जंतूंच्या लशी टाळतात.

शस्त्रक्रियेच्या वेळी मेथोट्रेक्सेट सहसा चालू ठेवतात, जैविक औषधाची एक पाळी सोडतात आणि टोफासिटिनिब तीन दिवस आधी बंद करतात. याहून महत्त्वाची आणि नेहमी राहून जाणारी बाब मानेची आहे. अनेक वर्षांच्या आजारात मानेचे वरचे दोन मणके सैल होऊ शकतात, आणि भूल देताना मान मागे वाकवली गेल्यास मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका असतो. शस्त्रक्रिया मोतीबिंदूची असो वा गुडघ्याची, भूलतज्ज्ञांना आजार आणि मानेचे दुखणे सांगावे, व त्यांनी सुचवल्यास मान वाकवून काढलेला एक्स-रे करून घ्यावा.

१७. कोणत्या वेळी पुढच्या तारखेची वाट पाहू नये?

एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्यात पू असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डोळा लाल होऊन खोलवर दुखणे, हातपाय बधिर वा लुळे पडणे, आणि छातीत दुखणे यांनाही हेच लागू आहे. या आजारात हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो, तेव्हा छातीतील दुखण्याला ‘वात’ म्हणू नये. औषधांमुळे दिसणारी लक्षणे प्रश्न ६ मध्ये आली आहेत.

१८. अपंगत्व प्रमाणपत्र आणि आरोग्य विमा मिळतो का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत या आजाराचे स्वतंत्र नाव नाही. मात्र सांधे कायमचे आखडले वा वाकडे झाले असतील, तर चलनवलनाच्या दिव्यांगत्वाखाली अर्ज करता येतो. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के ही मर्यादा आहे. मूल्यमापन हालचालीवरच्या मर्यादेचे होते, रक्ताच्या अहवालाचे नव्हे. विमा घेताना आजार लपवू नये, दावा नेमका त्याच कारणाने फेटाळला जातो. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने आहे. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या गोळ्या बहुतेक योजनांत येत नाहीत.

१९. मुलीकडे सहा महिने अमेरिकेला जायचे आहे. औषधे कशी न्यावीत?

औषधांची मूळ नावे, मात्रा आणि आजाराचे नाव असलेले डॉक्टरांचे इंग्रजी पत्र, मूळ पाकिटांतील गोळ्या आणि खरेदीची पावती सोबत ठेवावी, आणि सगळे हातातील बॅगेत न्यावे. तिथे नेता येणाऱ्या साठ्यावर मर्यादा असू शकते, त्यामुळे मुक्काम लांबणार असेल तर तिथल्या डॉक्टरांची भेट जाण्यापूर्वीच ठरवावी. इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. ते विमानाच्या पोटातील सामानात गोठू शकते आणि गोठलेले इंजेक्शन निकामी समजावे. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात रक्ततपासणी उरकावी आणि मधल्या तपासण्या तिथे कुठे व कितीला होतील याची चौकशी मुलीला आधीच करून ठेवायला सांगावी. प्रवास विम्यात जुन्या आजाराचा भडका बहुधा वगळलेला असतो, तेव्हा पॉलिसीतील ते कलम सही करण्याआधी वाचावे.